पिवळ्या पानाचे वारस

नवी मुंबईत देशी बदामाची झाडं पुष्कळ आहेत. हिवाळा सरत आला की वाशी, नेरूळ, बेलापूरच्या सेक्टरांतल्या आतल्या रस्त्यांवर त्यांची रुंद पानं आधी पिवळी, मग तांबडी आणि शेवटी गडद लाल होऊन गळतात. त्याच सुमारास वर्षावृक्ष आणि सोनमोहर पानं टाकतात, मागोमाग पिंपळ. सफाई कामगार सकाळी ती झाडून ढीग करतात, ढीग गाडीत भरले जातात आणि पानं कचऱ्याच्या हिशेबात जमा होतात. कुणालाच यात वावगं दिसत नाही, कारण पिवळं पान म्हणजे मरून गेलेलं, झाडाने टाकून दिलेलं पान, अशी आपली पक्की समजूत आहे. माझं म्हणणं असं की ही समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे हे शहर आपल्या झाडांशी, खाडीशी आणि भाजीबाजाराशीही चुकीचं वागतं.

आधी पानाचं म्हातारपण म्हणजे काय ते पाहू. माणसाच्या शरीरात म्हातारपण पुष्कळसं साचत गेलेल्या नुकसानीतून येतं. पानाचं तसं नाही. तोडलेल्या पानाला प्रथिननिर्मिती थांबवणारं रसायन दिलं तर ते लवकर पिवळं पडेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते जास्त काळ हिरवं राहतं. याचा अर्थ, म्हातारं होण्यासाठी पानाला नवी प्रथिनं घडवावी लागतात, नवी एन्झाइम्स कामाला लावावी लागतात. 2011 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीचं ठरावीक पान, वाढ पूर्ण होण्यापासून सुकेपर्यंत, वेगवेगळ्या टप्प्यांवर तपासलं. सहा हजारांहून अधिक जनुकांचं काम या काळात कमी-जास्त होताना दिसलं. काही जनुकं आधी, काही नंतर, अशी त्यांची क्रमवार फळी लागलेली असते. थकून, झिजून होणाऱ्या गोष्टीला एवढी आखणी लागत नाही.

ही आखणी कशासाठी असते ते पानातल्या नायट्रोजनकडे पाहिलं की कळतं. हिरव्या पानातल्या एकूण नायट्रोजनपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश हिस्सा हरितलवकांत असतो, आणि त्यात सर्वांत मोठा वाटा रुबिस्को या एका प्रथिनाचा. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम हे प्रथिन करतं. भात-गव्हासारख्या पिकांच्या पानात विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत प्रथिन हेच एक असू शकतं. पान तरुण असताना ते यंत्र असतं. पान म्हातारं होऊ लागलं की तेच कोठार ठरतं. प्रथिनं तुटून अमिनो आम्लं होतात, त्यांच्यातलं नायट्रोजन मुख्यतः ग्लुटामिन आणि अ‍ॅस्परॅजिन या रूपांत बांधलं जातं, आणि रसवाहिन्यांतून देठावाटे बाहेर पडतं. हरितलवकातल्या पडद्यांची मेदद्रव्यं मोडून त्यांची साखर होते. आरएनएचे धागे तुटून त्यांतलं फॉस्फरस सुटतं. हे सगळं चालू असताना पेशीचं केंद्रक आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका मात्र जवळजवळ शेवटपर्यंत शाबूत ठेवल्या जातात. जुना वाडा उतरवताना सागवानी तुळया आधी जपून काढून घेतात आणि दिवाबत्ती अगदी शेवटी तोडतात, तसाच हा क्रम.

आणि हरितद्रव्य? पान पिवळं होतं ते नवा पिवळा रंग आला म्हणून नव्हे. कॅरोटिनॉइडचा पिवळा रंग आधीपासून असतोच. वरचा हिरवा उतरतो. हा हिरवा कुठे जातो, हे कोडं फार उशिरा सुटलं. 1991 साली बर्नहार्ड क्रॉइटलर, फिलिप माटिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्लीच्या म्हाताऱ्या पानांतून एक रंगहीन पदार्थ वेगळा करून त्याची रचना उलगडली. तो हरितद्रव्याच्या तुटण्याचा शेवटचा टप्पा होता. पुढच्या वर्षांत मधले टप्पेही समजले: हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम काढून घेतलं जातं, त्याची लांब शेपटी तोडली जाते, वलय उघडलं जातं, क्षणभर एक लाल पदार्थ बनतो, मग एक चमकणारा, आणि अखेरीस रंगहीन अवशेष पेशीच्या रिक्तिकेत ठेवला जातो. पिकतं केळं अतिनील प्रकाशात निळं चमकतं ते याच मधल्या चमकणाऱ्या पदार्थांमुळे. 2008 साली हे दाखवलं गेलं.

या सगळ्यात मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती एक गोष्ट. हरितद्रव्याच्या रेणूत नायट्रोजनचे चार अणू असतात, पण झाड ते परत घेत नाही. ते रंगहीन अवशेषातच राहतात. मग एवढा खटाटोप कशाला? कारण प्रथिनांपासून सुटं झालेलं हरितद्रव्य धोकादायक असतं. ते प्रकाश पकडत राहतं आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देऊन पेशी जाळू शकतं. भोवतालची प्रथिनं सुरक्षितपणे सोडवायची तर हरितद्रव्य आधी निकामी करावं लागतं. म्हणजे पानाचं पिवळेपण ही आतला ठेवा बाहेर काढण्यासाठी केलेली सुरक्षाव्यवस्था आहे. बदामाच्या पानाचा लाल रंगही बहुधा याच कामाचा भाग असावा. अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य पान म्हातारं होताना नव्याने तयार होतं, आणि मरणाऱ्या अवयवाने नवा रंग घडवण्यावर ऊर्जा का खर्चावी, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. एक मत असं की उघडं पडलेलं हे यंत्र प्रखर उन्हापासून झाकण्यासाठी तो पडदा असतो, म्हणजे आतलं सामान नीट निघेपर्यंत पेशी टिकते. दुसरं मत कीटकांना दिलेल्या इशाऱ्याचं. मला पहिलं पटतं, कारण फेब्रुवारीच्या कोकणी उन्हात त्या पडद्याची गरज समजते.

एवढं करून किती परत मिळतं? निरनिराळ्या वनस्पतींचा विचार करता पानातल्या नायट्रोजनपैकी साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त पान गळण्याआधी झाडात परत गेलेलं असतं. फॉस्फरसचंही तसंच. कॅल्शियम मात्र परतीच्या वाहिन्यांतून जाऊ शकत नाही. ते म्हाताऱ्या पानात साचत जातं आणि पानाबरोबर खाली पडतं. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

वनस्पतीचं म्हातारपण म्हणजे देणं आहे, हे सर्वांत स्पष्ट दिसतं ते एका गव्हाच्या जनुकात. 2006 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या कामात संशोधकांनी गव्हातल्या पान पिकवणाऱ्या एका जनुकगटाचं काम दडपलं. झाडं नेहमीपेक्षा तीन आठवड्यांहून जास्त काळ हिरवी राहिली. दिसायला ती तरुण आणि टवटवीत. पण त्यांच्या दाण्यातलं प्रथिन, जस्त आणि लोह 30 टक्क्यांहून अधिक घटलं. पानं वेळेवर म्हातारी झाली नाहीत, म्हणून दाणा उपाशी राहिला. हे देणं सह्याद्रीतली कारवी मोठ्या प्रमाणावर करते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती 2016 मध्ये फुलली, 2024 मध्ये पुन्हा फुलली. दर आठ वर्षांनी तिथल्या टेकड्या एकाच वेळी फुलतात, बी धरतं आणि मूळ झुडूप वाळून जातं. वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं बियांत गेलेलं असतं.

इथे एक आक्षेप रास्त आहे. हिरवं राहणं नेहमीच तोट्याचं नसतं. कोरडवाहू ज्वारीच्या बाबतीत शेवटच्या टप्प्यात पाऊस किंवा ओल संपली असतानाही पानं हिरवी ठेवणारे वाण शोधण्यावर हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत आणि इतरत्र बरीच वर्षं काम चालू आहे. दाणा भरेपर्यंत धाट उभं राहतं आणि कडबाही सकस मिळतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला रब्बीत याचं मोल सांगावं लागत नाही. पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. तिथे प्रश्न म्हातारपण टाळण्याचा नाही, ते अवेळी न येण्याचा आहे. उलट मेंडेलने अभ्यासलेला हिरवा वाटाणा पाहा. त्याचा हिरवेपणा ज्या जनुकातल्या दोषामुळे टिकतो ते जनुक 2007 साली सापडलं. ते हरितद्रव्य मोडण्याच्या कामातलं आहे. अशा वनस्पतींच्या पानांत रंग टिकतो, पण अन्न बनवण्याचं काम ठरल्या वेळी मंदावतंच. म्हणजे नुसता हिरवेपणा तारुण्याचा पुरावा नाही.

आता मूळ मुद्द्याकडे. देण्याला घेणारा लागतो. पान कधी म्हातारं होणार हे त्याचं एकट्याचं ठरत नाही. मूळ, शेंडा, फूल, बी या सगळ्यांशी त्याचा संवाद चालू असतो. ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञ ए. सी. चिबनॉल यांनी 1939 च्या सुमारास दाखवून दिलं की तोडलेल्या पानाच्या देठाला मुळं फुटली की त्यातल्या प्रथिनांची घसरण थांबते. मुळांतून काहीतरी येतं आणि पान तरुण ठेवतं, हा त्यांचा तर्क होता. 1957 साली रिचमंड आणि लँग यांनी कायनेटिन हे द्रव्य तोडलेल्या पानांना देऊन त्यांचं पिवळं पडणं लांबवलं, आणि मुळांत तयार होणारी सायटोकायनिन नावाची त्याच प्रकारची संप्रेरकं या कामी येतात हे हळूहळू स्पष्ट झालं. जर्मनीत कुर्ट मोथेस यांनी पानाच्या एका भागालाच कायनेटिन लावलं, तेव्हा तेवढाच भाग हिरवा राहिला आणि बाकीच्या पानातली अमिनो आम्लं त्या हिरव्या भागाकडे ओढली गेली. 1995 मध्ये गॅन आणि अमॅसिनो यांनी तंबाखूच्या झाडात अशी योजना केली की पान म्हातारं होऊ लागताच ते स्वतःच सायटोकायनिन बनवायला लागेल. त्या झाडांची खालची पानंही हिरवीच राहिली.

हे सगळे प्रयोग एका पंक्तीत ठेवून पाहिले की नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या बाजारात रोज रात्री काय होतं ते कळतं.

मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीचा भाजीपाला बाजार 1996 साली मुंबईतून इथे आला. नाशिक, जुन्नर, खेडकडून निघालेली मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू मध्यरात्रीनंतर गाळ्यांवर उतरते. मेथी आणि कोथिंबीर मुळासकट उपटलेली असते, पालक कापलेला. पण मूळ जुडीला लागलेलं असलं तरी मातीतून सुटलेलं आहे. त्याला पाणी मिळत नाही, म्हणून ते वर काही पाठवूही शकत नाही. घरी कोथिंबिरीची जुडी मुळांसह पाण्यात उभी ठेवणाऱ्या आपल्या आया-आज्ज्या हे संशोधन न वाचताही नेमकं करत आल्या. बाजारात मात्र जुडी गोणीत किंवा क्रेटमध्ये दाबून, अंधारात, गरम हवेत कित्येक तास प्रवास करते. यातली प्रत्येक गोष्ट म्हातारपणाला बोलावणं धाडते. अंधारात पान साखर बनवू शकत नाही. उष्णतेने श्वसन वाढतं, असलेली साखर जळते. अस्पॅरॅगस या भाजीच्या तोडलेल्या कोवळ्या कोंबांवर न्यूझीलंडमध्ये बरंच काम झालं आहे. तोडल्यापासून काही तासांतच कोंबातली साखर कोसळते, पेशी ऊर्जेसाठी स्वतःची प्रथिनं मोडायला लागते, आणि त्यातून सुटणारा अमोनिया बांधून ठेवण्यासाठी अ‍ॅस्परॅजिनचा साठा वाढत जातो. झाडावर असताना हेच अ‍ॅस्परॅजिन देठावाटे बाहेर पडलं असतं, कोवळ्या शेंड्याला किंवा शेंगेला मिळालं असतं. जुडीत त्याला वाट नाही. यंत्रणा तीच, पण वारसाशिवाय चाललेली. पोत्याच्या मधोमध असलेल्या मेथीला जो कुबट वास येतो तो या कोंडमाऱ्याचा, आणि त्यावर तुटून पडणाऱ्या जिवाणूंचा.

गाळ्यावर पाणी मारून जुडी ताठ दाखवली जाते. त्याने तहान भागते, म्हातारपण थांबत नाही. पाण्याने पेशी फुगतात, पण साखर परत येत नाही आणि सुरू झालेला जनुकांचा क्रम मागे फिरत नाही. दुसरीकडे शेजारच्या फळबाजारात आंबा-केळी पिकवण्यासाठी एथिलीन वायूचा वापर होतो, कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत तो योग्यही आहे. एथिलीन वनस्पतींवर परिणाम करतं हे सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्ह यांनी 1901 सालीच दाखवलं होतं. तेच एथिलीन पिकत्या फळातून बाहेर पडत असतं, आणि एकाच टेम्पोत पिकत्या केळ्यांशेजारी पालेभाजी ठेवली की ती पिवळी पडण्याचा वेग वाढतो. किरकोळ विक्रेत्याच्या छोट्या गाडीत हे रोज घडतं आणि तोटा त्याच्या नशिबावर ढकलला जातो. शेतावरच पहिल्या दोन-तीन तासांत जुड्या सावलीत थंड करणं, गोणीऐवजी हवा खेळणारे क्रेट, वाहतुकीत फळं आणि पाला वेगळा ठेवणं, या गोष्टींना मोठं भांडवल लागत नाही. शीतगृहाच्या मोठ्या योजनांची चर्चा होते, पण पालेभाजीच्या आयुष्यातले निर्णायक तास शीतगृहाच्या दारात पोचण्याआधीच संपलेले असतात.

आणि जे विकलं गेलं नाही त्याचं काय? मेथी हे शेंगवर्गीय पीक. तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नायट्रोजन बांधतात. जुन्नरच्या वावरात हवेतून जमवलेलं ते नायट्रोजन मुळांसकट उपटून तुर्भ्यात येतं आणि सडलेल्या जुडीबरोबर कचऱ्यात जातं. शेतकरी पुढच्या हंगामात युरिया विकत घेतो. भाजी घेऊन आलेलं वाहन घाटावर परत जातंच. त्यातून बाजारातल्या हिरव्या कचऱ्याचं खत परत गेलं, तर पिवळ्या पानाला निदान उशिरा तरी त्याचा वारस मिळेल. हे खर्चिक आहे असं सांगितलं जातं. खर्चाचा हिशेब मांडताना वावराने गमावलेलं नायट्रोजन एका बाजूला लिहिलं जात नाही, एवढंच.

खाडीकडे वळलं की चित्र उलटं होतं. तिथे माणसाने हात लावला नाही तर देणं-घेणं सुरळीत चालतं. ठाणे खाडीच्या काठावर तिवरांचं, म्हणजे खारफुटीच्या झाडांचं, राज्य आहे. त्यांच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, आणि म्हाताऱ्या पानात क्षारांचा साठाही वाढतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस शक्य तेवढं झाडात परत ओढून मग पिवळं पान चिखलावर पडतं. म्हणूनच ताजं पडलेलं पान तसं निकस असतं. त्यावर बुरशी आणि जिवाणू वसतात, ते पाण्यातलं नायट्रोजन पकडून पानाला पुन्हा सकस करतात, मग खेकडे आणि छोटे जीव ते खातात. फ्लोरिडातल्या खारफुटीवर ओडम आणि हील्ड यांनी 1970 च्या दशकात ही साखळी मांडली. खाडीतले सगळे मासे याच पानांवर जगतात असं नंतरच्या कामाने म्हटलेलं नाही, शेवाळाचा वाटाही मोठा आहे. पण दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळ्यांना चिंबोरी कुठे मिळते हे विचारलं तर ते तिवरांच्या मुळांकडेच बोट दाखवतील.

या खाडीला संरक्षण मिळालं आहे. 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, आणि 2018 च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांवरचा आघात मानला. तरीही भराव टाकून किंवा बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की तिवरं वाळतात, आणि मग ती आपोआप, वयाने वाळली असा बचाव पुढे येतो. इथे जीवरसायनशास्त्र साक्षीदार म्हणून उपयोगी पडू शकतं. वयाने येणारं पिवळेपण फांदीवरच्या सर्वांत जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होतं, कारण तिथला ठेवा वरच्या कोवळ्या पानांकडे चाललेला असतो. शेंडे आणि कोवळी पानंच आधी करपली, किंवा अख्खा पट्टा काही आठवड्यांत एकदम तपकिरी झाला, तर ते म्हातारपण नाही. तिथे बहुधा पाणी तोडलं आहे. पंचनामा करणाऱ्याने नुसती 'झाडे सुकलेली आढळली' अशी नोंद न करता पानं कुठून सुकली आहेत ते लिहावं.

आता शहरातल्या फुटपाथवर येऊ, कारण माझी सर्वांत मोठी तक्रार तिथली आहे.

हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. शहराच्या पहिल्या वसाहतींत लावलेली झाडं आता चाळीस-पन्नास वर्षांची होत आली आहेत. महाराष्ट्राच्या 1975 च्या वृक्ष कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळू लागला, आणि झाड तोडावं लागलं तर त्याचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची असं ठरलं. ही दुरुस्ती पूर्वीपेक्षा नक्कीच चांगली आहे. कायद्याने झाडाचं वय पहिल्यांदाच मोजायला घेतलं. पण झाडाचं वय म्हणजे नेमकं कशाचं वय? पन्नास वर्षांच्या वर्षावृक्षाचा शेंडा, त्यातल्या विभाजन पावणाऱ्या पेशी, रोपाच्या शेंड्याइतक्याच सक्षम असू शकतात. चीनमध्ये जिंको वृक्षांवर 2020 साली झालेल्या अभ्यासात सहाशेहून अधिक वर्षांच्या झाडांच्या वाढपेशींतही अंताकडे चालल्याची खूण सापडली नाही. मग जुनं काय असतं? जुनी असते मुळांखालची माती. पन्नास पानगळींतून जमा झालेलं कॅल्शियम, त्यावर पोसलेली बुरशी, गांडुळं, या सगळ्यांचं झाडाशी जुळलेलं नातं. पन्नास रोपं दुसऱ्या कुठल्या तरी सेक्टरच्या मुरमात लावली तर त्यांना यातलं काहीही मिळत नाही. संख्येत भरपाई होते, वारसा तुटतो.

आणि जिथे झाड उभं आहे तिथेही आपण हा वारसा तोडतोच. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, वरून सिमेंट, आणि दर सकाळी झाडणं. नायट्रोजनचा मोठा हिस्सा झाडाने आधीच परत घेतलेला असतो हे खरं. पण उरलेलं नायट्रोजन आणि सगळं कॅल्शियम खाली पडलेल्या पानातच असतं, आणि मातीत मिसळल्याशिवाय झाडाला ते परत मिळवायचा दुसरा मार्ग नाही. वर्षामागून वर्षं ते गाडीत भरून दुसरीकडे गेलं तर काय होणार, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. त्यातच मान्सूनपूर्व छाटणी एप्रिल-मे महिन्यांत होते. जुन्या पानांतून परत आलेलं नायट्रोजन फांद्यांच्या सालीत आणि लाकडात साठवलेलं असतं, किंवा नुकतंच नव्या पालवीत गेलेलं असतं. नेमक्या तेव्हा हिरव्या फांद्या सरसकट छाटल्या की झाडाचा वर्षभराचा ठेवा ट्रकमध्ये चढतो. धोकादायक, वाळकी फांदी काढायलाच हवी, माणसाच्या जिवाशी तडजोड नको. पण दर वर्षी चारही बाजूंनी बोडकं केलेलं झाड वादळात जास्त सुरक्षित असतं, हा समजच तपासायला हवा. अशा झाडाला फुटलेले नवे धुमारे बुंध्याला कमकुवत जोडलेले असतात आणि तेच पुढे मोडतात.

स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई सातत्याने वरच्या क्रमांकांत असते, आणि त्यामागे सफाई कामगारांचे फार कष्ट आहेत. पानं जागच्या जागी ठेवा म्हटलं की पहिला प्रश्न येतो गटारांचा. शहराचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आसपास आहे, पावसाळी नाल्यांत पानं अडकली तर पाणी घरात शिरतं. प्रश्न खरा आहे. म्हणून रस्त्यावर पानं तशीच पसरून ठेवा असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक झाडाभोवती सिमेंट फोडून मोकळं आळं, जमेल तिथे कडेला एक-दोन ओळी पेव्हर कमी, आणि झाडलेली पानं त्याच आळ्यात किंवा सेक्टरच्या उद्यानातल्या खड्ड्यात. एवढं पुरेसं आहे. पानं कुजून खत व्हायला काही महिने लागतात, आणि ते महिने हाताशी आहेत. नालेसफाई मे महिन्यात संपवावी लागते. देशी बदाम, सोनमोहर, वर्षावृक्ष आणि पिंपळ यांची मुख्य पानगळ त्याच्या दोन-तीन महिने आधी होऊन गेलेली असते.